रॅकेट धरणारा हात

टेबल टेनिसची रॅकेट कशी धरायची, असं तुम्हाला कुणी विचारलं तर काय सांगाल?

सोपं आहे, म्हणाल. ओळखीच्या माणसाशी हात मिळवावा, तशी. अंगठा एका अंगाला, पहिलं बोट दुसऱ्या अंगाला, बाकीची बोटं दांड्याभोवती.

मृण्मयीलाही हे तोंडपाठ होतं. जिल्ह्यात तिच्या तोडीची मुलगी नव्हती... एक शर्वरी सोडली तर. तरीही राज्याच्या संघाची निवड उद्यावर आली, तेव्हा संध्याकाळी ती जिमखान्यात आपल्या गुरूंपुढे, नाना पेंढरकरांपुढे, येऊन उभी राहिली.

"नाना, माझी पकड चुकतेय. तेवढी सुधारून द्या."

नाना टेबलाची जाळी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "कोण म्हणतं चुकतेय?"

"गेम अटीतटीचा झाला की माझा चेंडू बाहेर जातो. उद्या शर्वरीशी गाठ आहे. उद्या हरले, तर संघ गेला."

"दाखव."

तिने रॅकेट धरली. नानांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"पकड बरोबर आहे."

"मग चेंडू बाहेर का जातो?"

नाना पुन्हा जाळी आवळायला लागले.

"दांड्याची पट्टी बदलली, दोन्हीकडचं रबर बदललं." मृण्मयीचा आवाज चढला. "आणि तुम्ही 'बरोबर आहे' म्हणून मोकळे."

"सामन्याआधी समोरच्याला आपली रॅकेट बघायला द्यायची असते," नाना शांतपणे म्हणाले. "शर्वरीला कशी देतेस?"

"टेबलावर ठेवते. तिची ती उचलते."

"हातात का नाही देत?"

मृण्मयी जाळीकडे बघत राहिली. गेल्या वर्षापर्यंत याच टेबलावर त्या दोघी रोज एकत्र सराव करायच्या, एका डब्यात खायच्या.

"गेल्या वर्षीच्या निवडीत, शेवटच्या पॉइंटला, आपला चेंडू टेबलाच्या कडेला लागला म्हणाली. लागला नव्हता, नाना. मी पाहिलं होतं. पंचांनी तिचं ऐकलं, पॉइंट तिला दिला."

"वर्ष झालं की त्याला."

"तुम्हाला वर्ष. मला कालच."

नानांनी हात पुढे केला. "रॅकेट दे."

"कशाला?"

"दे."

ती देईना. तिच्या रॅकेटला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. नाना हात तसाच पुढे धरून उभे. वर पंखा कुरकुरत होता... दोघांपैकी कुणी हलेना. म्हाताऱ्याचा हात काही खाली येईना.

शेवटी मृण्मयीने रॅकेट त्या हातावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

नानांनी ती आपल्या पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दिवे बंद करायला निघाले.

"नाना... उद्या सामना आहे. माझी रॅकेट..."

"सकाळी मिळेल."

"आणि पकड? तिचं काय? मी शिकायला आले होते."

नाना बटणापाशी थांबले, वळले. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या उजव्या हाताकडे बघू लागले.

मृण्मयीनेही खाली पाहिलं.

मूठ घट्ट आवळलेली होती. नखं तळव्यात रुतली होती.

"रॅकेट तर माझ्याकडे आहे, बाळ," नाना म्हणाले. "तू काय धरून उभी आहेस?"

...

दुसऱ्या दिवशी सकाळी, सामन्याआधी, मृण्मयीने रॅकेट टेबलावर ठेवली नाही. शर्वरीच्या हातात दिली.