फाट्यावरचा बाण

“पण माय, जे ग्रंथालयाचे सभासदच नाहीत, त्यांच्यावर सरकारी अनुदान का उधळायचं?”

प्रणित बनसोडेने पुन्हा तेच विचारलं. गिरजामाय वाकून चुना कालवत होती.

डोंगरावरच्या मठाची ती प्रमुख. गावचं ग्रंथालय मठाच्याच जागेत, म्हणून त्याचीही अध्यक्ष. प्रणित नवा चिटणीस. ग्रंथालयातली माहितीखिडकी बंद करायची आणि तिचं अनुदान अभ्यासिकेकडे वळवायचं, असा ठराव घेऊन तो आला होता. संध्याकाळी बैठक. मायच्या सहीवाचून सगळं अडलं होतं.

माय मात्र मठात नव्हती. जत्रेआधी पायथ्याच्या फाट्यावरचा दगड रंगवायला ती दरवर्षी स्वतः उतरते. तिथेच त्याने तिला गाठलं.

“खिडकीशी येतं तरी कोण?” मायने विचारलं.

“कुणी म्हणतं निराधार पेन्शनचा अर्ज कुठे द्यायचा, कुणी म्हणतं दाखला कोण देतो. पुस्तकाला हात लावत नाहीत. काम झालं की फिरकतही नाहीत!”

“पुन्हा येत नाहीत?”

“कधीच नाही.”

“वा! बरं झालं.”

प्रणित चिडला. “थट्टा नको, माय. इकडे पोरं व्हरांड्यात चपलांशेजारी बसून परीक्षेचा अभ्यास करतात. पाऊस आला की पुस्तकं पोटाशी धरतात. मीही तिथेच बसलोय. त्यांची वर्षं जातायत गं...”



माय थांबली. “खोटं नाही तुझं. त्यांना जागा हवीच. त्यासाठी भांड सरकारशी. मीही येते.”

“भांडतोच आहे! पण तोवर?”



मायने कुंचला चुन्यात बुडवला आणि दगडावर आडवा ओढला. एकदा, पुन्हा एकदा. मठाची वाट दाखवणारा गेरूचा जुना बाण चुन्याखाली गेला.

मग तिने हात झटकले आणि निघायला उठली.

“अगं माय, बाण राहिला!”

“राहू दे. उगाच गेरूचा खर्च.”

“असं कसं?”

“वर्गणी गावाची. गावात कुणाला लागतो बाण? आंधळासुद्धा मठात बरोबर पोचतो.”

“पण जत्रेला परगावचे येतात ना! डावीकडे वळले तर थेट जुन्या खाणीच्या कड्यावर जातील.”

“ते कुठे वर्गणी देतात?”

“म्हणून काय त्यांनी...”

प्रणितची नजर दगडावर गेली.

ओला दगड उन्हात पांढराफेक चमकत होता. कुठल्याच बाजूला काही सांगत नव्हता.

खालच्या रस्त्यावर एसटी थांबून गेली. एक बाई उतरली, डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. फाट्याशी येऊन तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. या दोघांकडेही पाहिलं. विचारावं की नाही, अशी घुटमळली. नजर खाली घालून डावीकडे वळली.

“अहो बाई, तिकडे नाही!” प्रणित ओरडला. “मठात ना? उजवीकडे, उजवीकडे!”

बाई वळली आणि मान खाली घालूनच उजवीकडे चालू लागली. आभार वगैरे काही नाही.

प्रणित ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग हातातला ठराव त्याने घडी घालून खिशात कोंबला. खाली बसला. गेरूची वाटी ओढली आणि ओल्या चुन्यावर बोटाने एक बारीकशी रेघ काढली.

माय पाठीशी उभी राहून पाहत होती.

“मोठा काढ,” ती म्हणाली. “तुला नाही वाचायचा.”