राजाज्ञा होईल तेव्हा

एका राज्यात, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये भाकरीएवढी जमीन अशा एका राज्यात, राजाला विचारल्यावाचून होडी सुटत नसे. नसे म्हणजे खरंच नसे. राजाची तरुण राणी समुद्रात बुडाली, तेव्हा दुःखानं वेड्या झालेल्या राजानं मांत्रिकाकरवी समुद्र बांधून घेतला. मांत्रिक म्हणाला, "राजा, जोवर इथले लोक 'राजा आहे' म्हणतील, तोवर तुझ्या होकारावाचून दोर सुटायचा नाही. पुन्हा विचार कर." राजानं विचार केला नाही. त्या दिवसापासून होड्यांचे दोर कुऱ्हाडीनं तुटेनात, आणि पोहत निघालेल्या माणसाला लाटा उचलून परत वाळूवर आणून टाकीत.

लोक शिकले. काय शिकले? थांबायला. मासळीला जायचंय, थांबा. पलीकडच्या बेटावरून वैद्य आणायचाय, थांबा. आधी होकार दिवसात येई, मग महिन्यात, मग येईनासाच झाला. पुरुष कचेरीच्या पायरीवर चडफडत, घरी येऊन बायकांवर ओरडत, आणि सकाळी पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसत.

त्या राज्यात येसाई नावाची एक बाई होती. तिचा नवरा भिवा मोठ्या ओहोटीला, समुद्र मागे सरला की, चालत कासवखडकावर जाई आणि कालवं फोडून आणी. चालायला बंदी नव्हती. एका पौर्णिमेला खडकाच्या फटीत त्याचा पाय मोडला आणि भरती आली. पुन्हा तेवढी ओहोटी अमावास्येला. खडकावर गोड्या पाण्याचा थेंब नाही. भिवा किनाऱ्यावरून दिसे, मुंडासं हलवताना दिसे. साऱ्या गावाला दिसे.

येसाई बंदराच्या कोतवालाकडे गेली.

"होडी सोडा. माझा धनी तहानेनं मरतोय."

"मरतोय कशावरून?"

"डोळे फुटले का? बघा की तिकडं!"

"मला दिसून उपयोग नाही, बाई. संकटाची ग्वाही संकटातल्या माणसानंच द्यायची असते. त्यानं इथं यावं."

"तो इथं आला असता, तर मी तुमचं थोबाड बघायला आले असते का?"

"नियम आहे," कोतवाल म्हणाला, आणि खाली बघू लागला.

किनाऱ्यावर एक म्हातारा बगळा होता. तो माणसाचा आवाज चोचीत धरून आणी. त्यानं मोल मागितलं: "तुझ्या जात्यावरच्या ओव्या दे." येसाईनं दिल्या. त्यानंतर तिला जन्मात एक ओवी आठवली नाही. बगळा खडकावर गेला, परत आला, आणि भिवाच्याच आवाजात बोलला, "येसा, पाणी आण. धावू नकोस, पडशील. पण पाणी आण."

कोतवालानं ते ऐकलं. डोळे पुसले, आणि तिला कारभाऱ्याकडे पाठवलं.

कारभारी पान लावत होता. म्हणाला, "मध्येच वारा फिरला तर होडी फुटेल. दोष कोणावर? वाऱ्याची हरकत नाही, अशी खूण आण."

डोंगराच्या घळीत वारा राहत असे. त्यानं येसाईच्या केसांचा काळा रंग मागितला. ती पांढऱ्याशुभ्र डोक्यानं खाली आली, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत वाऱ्याची एक झुळूक होती. वाटेत शेजारची सखू म्हणाली, "अगं, धीर धर. वरून हुकूम आला की सुटेल."

"तुझा नवरा आहे का गं तिथं?"

सखूनं तोंड फिरवलं.

कारभाऱ्यानं झुळूक घेतली आणि तिला प्रधानाकडे पाठवलं. प्रधान म्हणाला, "राजापुढं रिकाम्या हातानं जात नाहीत. पाताळविहिरीतला मोती आण."

तो मोती शापित होता. जो त्याला हात लावी, तो आपल्या माणसाचा आवाज विसरे. विहिरीतला नाग तिला म्हणालासुद्धा, "पोरी, नको उचलूस." येसाई म्हणाली, "माणूसच आणला, की आवाज पुन्हा ऐकीन." तिनं मोती उचलला. भिवाचे शब्द तिच्यापाशी राहिले, आवाज गेला. नुसते शब्द, जसे कोणीही बोलावेत.

प्रधानानं मोती कनवटीला लावला. "ठीक. आता राजाज्ञा होईल तेव्हा होडी सुटेल."

"कधी होईल?"

"राजाला विचारावं लागेल. विचारायला आत जावं लागतं. आत जायला राजाज्ञा लागते."

येसाईनं पदर खोचला. मग तिनं प्रधानाच्या बुडाखालचा शिसवी चौरंग ओढला. प्रधान कोलमडला. तोच चौरंग तिनं राजाच्या दारावर घातला, पुन्हा घातला, दार फुटेस्तोवर घातला.

आत राजा बसला होता. डोक्यावर मुकुट होता, मुकुटाखाली कवटी होती. बरगड्यांत चिमण्यांनी घरटं केलं होतं, आणि त्यातली पिल्लंही कधीच उडून गेली होती.

"तुम्हाला कळलं नाही?" येसाईनं विचारलं.

"वास आला होता," प्रधान जमिनीवरूनच म्हणाला. "पण वास येतो असं म्हणायची आज्ञा नव्हती."

येसाई सज्जात गेली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "राजा मेलाय! कधीचा मेलाय! वर कुणी नाही, मेल्यांनो!"

खाली बंदरात सगळे दोर एकदम गळून पडले.

येसाईनं घागर घेतली आणि होडी हाणली. मुंडासं अजून हलत होतं, ती त्याच्याकडे बघत वल्हवत राहिली. जवळ गेल्यावर तिला दिसलं. वाहून आलेली एक काठी भिवानं फटीत रोवली होती आणि मुंडासं तिच्या टोकाला बांधलं होतं. हात थकला तरी बायकोला दिसत राहावं म्हणून. तो काठीखाली बसला होता, किनाऱ्याकडे तोंड करून. ओठ फाटले होते. येसाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घागरीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. ते गालावरून वाहून गेलं. तिनं पुन्हा घातलं.

तिनं त्याला घरी आणलं. सारं राज्य वाळूवर जमलं होतं. राजा नाही, प्रधान पळाला, आता काय करायचं कुणालाच कळेना. शेवटी लोक हात जोडून तिच्यापुढं आले. "येसाई, लाकडं रचायची का? तुम्ही आज्ञा करा."

येसाईनं मान वर केली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"तो माझा नवरा होता, आणि तुमचा शेजारी. हेही मला विचारून करणार का?"

कोणी हललं नाही. बराच वेळ कोणी हललं नाही. मग कोतवाल गर्दीतून बाहेर आला. त्यानं कमरेची तलवार सोडून वाळूवर ठेवली, आपल्या घराचं दार बिजागऱ्यांतून उखडून आणलं, आणि पहिलं लाकूड म्हणून तेच मांडलं. मग सखू आली. मग सगळे आले.

तेव्हापासून त्या राज्यात होड्या जातात, येतात. वैद्य येतो. पाण्यातून हाक आली की ज्याला ऐकू येईल तो निघतो, मागं वळून बघत नाही.

सांगणाऱ्याची कहाणी सरली. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या हाकेला धावणारं माणूस तुम्हाला मिळो, आणि वेळेत मिळो.