चंद्रदुर्गाची हुबेहूब नदी

एकदा एक तरुण चित्रकार स्वतःच रंगवलेल्या राज्यातून हद्दपार होण्याच्या बेतात होता. राज्याचे नाव चंद्रदुर्ग. नकाशावर शोधू नका. ते फोनच्या पडद्यावर होते. गावोगावचे लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या ऑनलाइन खेळात शिरत. कुणी योद्धा होई, कुणी चेटकीण, आणि सगळे मिळून राक्षसाच्या तावडीतून किल्ला सोडवत. राज्याचा मालक एक व्यापारी होता आणि त्यातले झाड न् झाड या तरुणाने काढलेले होते.

काढलेले म्हणजे कसे? राक्षसाच्या नाकातला केस असा, की पाहणाऱ्याला शिंक यावी. नदी अशी, की टेबलावरची तुळशीची कुंडी म्हणे नुसती तिच्याकडे पाहून टवटवीत राहिली. कुंडीचे खरे मानायचे की नाही ते तुम्ही ठरवा. नदीचे मात्र खरे आहे.

तरीही लोक येत, घटकाभर फिरत आणि निघून जात. जाताना तक्रार ठेवून जात. "नदीत उतरलो, कपडे कोरडेच." "राणी गोड बोलते, पण डोळे बाजारातल्या माशासारखे." "घोडा दिवसभर पळतो, ना घाम, ना पाणी. बघवत नाही हो."

तक्रार आली, की तरुण आणखी बारीक रेघ ओढी. त्याने घोड्याच्या आयाळीचा केस न् केस सुटा केला. लोकांनी विचारले, वाऱ्यावर उडत का नाही?

अखेर व्यापारी म्हणाला, "या महिन्याअखेर चंद्रदुर्ग बंद. ओसाड गावाची पाटीलकी मला नको."

तीन वर्षे तरुण त्या जंगलात राहिला होता म्हणा ना. "शेठ, चित्रात खोट नाही."

"मग काय, लोकांत खोट आहे?"

"माझ्या गुरूंना दाखवू. त्यांनी खोट काढली, तर बंद करा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही काढली, तर दिवाळीपर्यंत थांबा."

हे गुरू सह्याद्रीच्या पायथ्याशी, लाकडी फळे आणि खेळणी रंगवणाऱ्या चिताऱ्यांच्या गावात राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. पोपटांच्या चोची वाकड्या झाल्या त्या आबांनी रंगवलेल्या पेरूंमुळेच, असे त्या गावात छातीठोकपणे सांगतात. तरुण त्यांच्याच ओसरीवर कुंचला धरायला शिकला होता. बारकाव्याची किंमत आबांना नाही कळणार, तर कुणाला?

भर दुपारी दोघे पोचले. आबांनी फोन हाती घेऊन चंद्रदुर्गात एक फेरफटका मारला, नदीकाठी थोडे थांबले आणि आत गेले. बाहेर आले ते टोपली घेऊन. टोपलीत पिवळाधमक आंबा, देठापाशी चीक सुकलेला.

"उन्हातून आलात, शेठ. घ्या. सालासकटच चावा, मजा त्यातच आहे."

तरुणाने आंबा ओळखला. तो तोंड उघडणार, तोच आबांनी डोळे वटारले. व्यापाऱ्याने कचकन दात रोवले आणि गाल धरून उभाच राहिला.

"लाकूड आहे हे. आबा, थट्टेचं वय आहे का तुमचं?"

"वय नाही, पण जेवणाची वेळ आहे," आबा शांतपणे म्हणाले. "बसा. उपाशी नाही पाठवणार."

त्यांनी फळीवरून भातुकली काढली. बोटभर चूल, वाटीएवढे पातेले, रुपयाएवढे ताट. पिंपळाचे पान गोल कापून ताटात ठेवले, शेजारी चिमूटभर वाळू, जास्वंदीची एक पाकळी. पाहुण्याचा अपमान करून वर हा पोरखेळ; तरुणाला कुठे तोंड लपवू असे झाले.

व्यापारी कपाळाला आठ्या घालून ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भात कोरडा दिसतोय. तूप नाही?"

"म्हैस आटली आहे."

"आमच्या घरी पाहुण्याला असं कोरडं वाढत नाहीत. बरं, पोळी?"

"गरम आहे, बेतानं."

व्यापाऱ्याने पान उचलले, फुंकर घातली, पाकळीची चटणी लावून हवेतच घास घेतला आणि मचमच आवाज करीत म्हणाला, "चटणी झणझणीत झालीय. पाणी द्या." रिकामे भांडे त्याने घटाघटा संपवले आणि वर ढेकरही दिली.

"दात कसा आहे?" आबांनी विचारले.

"कुठला दात?" व्यापारी म्हणाला, आणि मग स्वतःच हसू लागला.

आबा शिष्याकडे वळले. "दोन्ही वेळा मी यांना उपाशीच ठेवलं. एकदा ते चिडले, एकदा तूप मागू लागले. अरे, प्रत्येक चित्र पाहणाऱ्याला आधी एक वचन देतं. आंबा म्हणाला, मी आंबा आहे. तेव्हा यांनी रस मागितला. पान म्हणालं, मी पानच आहे, तुमची इच्छा असेल तर पोळी होईन. ती पोळी शेठनी स्वतः भाजली. माणूस जिथे स्वतः थोडं रांधतो, तिथे तो रमतो."

"म्हणजे हुबेहूब काढणं चूक?"

"मग असले आंबे विकून माझी चूल कशी पेटली असती? दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला आंबा कुणी चावत नाही. पण तुझ्या राज्यात लोक बघायला येत नाहीत, राहायला येतात. तशी नदी काढलीस, तर तिनं भिजवलंही पाहिजे. घोडा तसा काढलास, तर त्याला तहानही लागली पाहिजे. तेवढं जमत असेल, तर खुशाल काढ."

तरुण व्यापाऱ्याकडे वळून म्हणाला, "शेठ, खोट निघाली. शब्द दिला होता. बंद करा."

"खोट निघाली म्हणून तर थांबतो," व्यापारी म्हणाला. "नसती निघाली, तर दुरुस्त काय केलं असतंस? दिवाळीपर्यंत. आणि त्या राणीचे डोळे आधी."

तरुणाने चंद्रदुर्ग पुन्हा रंगवायला घेतले. नदी झाली तीन निळ्या लाटांची. झाडे छत्रीसारखी, घोडा लाकडी खेळण्यासारखा ठिपक्यांचा, राणीचे डोळे कानापर्यंत लांब, राक्षस गोलमटोल आणि दात मुळ्यासारखे. घोडा आताही पाणी पीत नव्हता. पण त्याबद्दल कुणी विचारीना. उलट लढाई संपली, तरी लोक नदीकाठी रेंगाळू लागले, एकमेकांची चौकशी करू लागले.

दिवाळीच्या तोंडावर तक्रार आलीच. व्यापाऱ्याने ती मोठ्याने वाचली: "किल्ला जिंकायचा आहे, पण या राक्षसाला मारवत नाही. दुसरा काही मार्ग ठेवा."

"काय उत्तर देऊ?" त्याने विचारले.

तरुणाने पडद्यावर लेखणी टेकवली आणि राक्षसासमोर एक चटई काढली, दोघांना जेवायला बसता येईल एवढी.