चपलांजवळची जागा

एकदा एक तरुणी दूरच्या शहरात धर्मशास्त्र शिकून आपल्या गावी परतली. ख्रिस्ताने वधस्तंभावर प्राण का दिला आणि त्या मरणाने आपलं तारण कसं होतं, हे गावातल्या भोळ्या मंडळीला अगदी पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. आणि तरीही चर्चच्या दाराबाहेर, चपलांजवळ, शांतवन बसलेला होता.

या शांतवनने काही वर्षांपूर्वी दारूच्या नशेत ट्रॅक्टर उलटवला होता. ट्रॉलीत बसलेला त्या तरुणीचा धाकटा भाऊ जागच्या जागी गेला. तुरुंगवास भोगून शांतवन परतला, तेव्हा मंडळीने त्याला दाराबाहेर बसवलं. ज्या घराचं माणूस गेलं, त्या घरच्याने हात धरून आत आणलं तरच त्याने उंबरा ओलांडायचा, अशी तिथली रीत होती. आईवडील त्या दुःखातच गेले. घरची म्हणून आता ती एकटीच उरली होती, आणि दर रविवारी ती त्याच्याकडे न पाहता आत जाई.

उत्तम शुक्रवार, म्हणजे प्रभूच्या मरणाचा दिवस, आला. ज्यांनी तिला लहानपणी बायबल वाचायला शिकवलं, त्या चर्चच्या वृद्ध पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्या दिवशीचा उपदेश तिच्यावर सोपवला. ती तळमळीने बोलत होती. "शिक्षा आपली होती. निर्दोष प्रभूने ती आपल्या जागी सोसली."

एवढं ऐकून पाळक उठले आणि काठी टेकत दाराबाहेर गेले.

"शांतवन, ऊठ. आत माझ्या जागेवर बस."

"मी कसा येऊ, बाबा? मला कुणी आणलं नाही."

"मग त्या लिंबाच्या सावलीत बस. ही जागा मला पाहिजे."

शांतवन मान खाली घालून उठला. पाळक चपलांमध्ये मांडी घालून बसले. आत कुणीतरी पुटपुटलं, "बाबांना पंख्याचं वारं सोसेना वाटतं." कुणी हसलं नाही. उपासना संपली तेव्हा चपला घेण्यासाठी प्रत्येकाला त्यांच्यापुढे वाकावं लागलं.

सगळे गेल्यावर ती त्यांच्यापाशी आली. "सगळ्यांसमोर मला लाजवलंत, बाबा. तुम्ही उन्हात बसल्याने त्याचा दोष फिटला का?"

"माझ्या बसण्याने काय फिटणार, पोरी? पण दोषी माणसाच्या जागी प्रभू बसला, हे तूच आता सांगत होतीस. ती जागा त्याने घेतली असेल, तर तिथे शांतवनला पुन्हा कोण बसवतं, ते मला पाहायचं होतं. इथून आतल्यांच्या नुसत्या पाठी दिसतात."

"माझा भाऊ गेला, बाबा. ही काय लहान गोष्ट आहे?"

"नाही. प्रभूनेही तिला लहान म्हटलं नाही. लहान असती, तर त्याला मरावं कशाला लागलं असतं? तुझ्या भावाच्या रक्ताचं मोल त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने आपलं रक्त दिलं. ते पुरलं नाही असं तुला वाटत असेल, तर शांतवनला खुशाल बाहेर ठेव. मात्र मग तू आणि मी आत कशाच्या जोरावर बसतो, तेवढं मला सांग."

पाळकांना उठायला तिने हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवनच्या बायकोने दार उघडलं आणि ती तशीच थबकली. मागे वळून म्हणाली, "अहो, त्या आल्यात." शांतवन आला, पण 'या' म्हणायचं धाडस त्याला होईना. तो चौकटीला धरून उभा राहिला.

तरुणीने पायातल्या चपला काढल्या आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर, घरच्यांच्या चपलांशेजारी, ती खाली बसली.

"उद्या पुनरुत्थानाचा सण आहे, शांतवनदादा. तुमचा हात धरून चर्चमध्ये न्यायचं, हे विचारायला मी आले आहे. तुम्ही हो म्हणेपर्यंत इथेच बसेन."