पिराजीच्या कनवटीचा ओवा

चिंचखेड गावात पिराजी नावाचा एक भोळा मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा गडी, होता. भोळे तसे गावात पुष्कळ होते, पण ते सांगितलेलं विसरायचे, त्यामुळं कुणाचं फारसं बिघडायचं नाही. पिराजीचं तसं नव्हतं. त्याला एकदा सांगितलं की ते जन्माचं ध्यानात राहायचं. खोड एवढीच, की आज शिकवलेलं तो उद्याच्या भलत्याच कामाला लावायचा.

त्याचे मालक हैबतराव त्याला तरीही सांभाळून होते, कारण त्यांची घोडी साळुंकी पिराजीखेरीज कुणाला पाठीवर बसू देत नसे. आणि साळुंकीवर हैबतरावांची अब्रू टांगलेली होती. दर चैत्रात नाथबाबाच्या जत्रेत शेवटची शर्यत दोघांचीच लागे, एक साळुंकी आणि दुसरा त्यांच्या व्याह्यांचा, सुभानरावांचा घोडा सरदार. देवळापुढून निघायचं, माळाच्या टोकाच्या वडाला वळसा घालायचा आणि परत देवळापुढच्या फक्कीच्या रेघेवर यायचं. ज्याचा घोडा स्वारासकट आधी रेघ ओलांडेल तो जिंकला. हरणाऱ्यानं आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवून जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात बांधायचा. गेली दोन वर्षं हैबतराव जत्रेतून बोडक्या डोक्यानं घरी आले होते. आधीच मुलीचा बाप, त्यात हे. यंदा फेटा डोक्यावर ठेवूनच परत येईन, असं त्यांनी नाथबाबापुढं नारळ फोडून सांगून टाकलं होतं.

जत्रा पंधरा दिवसांवर आली आणि काळजीनं म्हणा, कांद्याच्या भज्यांनी म्हणा, हैबतरावांचं पोट दुखायला लागलं. मालकीणबाई सगुणाबाईंनी पिराजीला नाना वैद्यांकडं पिटाळलं. नानांनी ओव्याची पुडी दिली आणि बजावलं, की चांगला चावून चावून खायचा आणि वर कोमट पाणी प्यायचं.

पिराजी निघाला. वाटेत त्यानं पुडी सोडली. एकेक चिमूट चावून चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, कानातून वाफा निघाल्या, पण गडी हटला नाही. ओढ्याचं पाणी उन्हानं कोमट झालं होतं, ते ओंजळभर प्याला आणि घरी येऊन उभा राहिला.

"ओवा कुठाय?" हैबतरावांनी विचारलं.

"खाल्ला मालक. चावून चावून. वर पाणीही प्यालो."

हैबतरावांनी पोट धरूनच त्याला समजावलं, की बाबा रे, ज्याचं पोट दुखतं, औषध त्याच्याच तोंडात गेलं पाहिजे, दुसऱ्याच्या नाही.

"चुकलं मालक. आता ध्यानात ठेवतो," पिराजी म्हणाला. आणि ठेवलं. त्या दिवसापासून ओव्याची एक पुडी तो धोतराच्या कनवटीलाच लावून फिरायला लागला.

चार दिवसांनी साळुंकीनं हरभऱ्याचं पोतं फोडलं, पोटभर खाल्लं आणि वर बादलीभर पाणी प्याली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. हैबतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नाना वैद्यांनी हिंगाचा खडा दिला आणि सांगितलं, की कोमट पाण्यात कालवून पोटाला चोळ. पिराजी मनातल्या मनात हसला. एवढे मोठे वैद्य, पण ज्याचं पोट दुखतं त्याच्या तोंडात औषध घालायचं हे यांना ठाऊक नाही. त्यानं घोडीचा जबडा उघडला आणि अख्खा खडा आत सोडला.

साळुंकीनं एकच शिंक दिली, तसा खडा फुटून बाहेर उडाला. मग दावं तोडलं, गोठ्याचं दार पाडलं आणि पिराजीला कडब्याच्या गंजीभोवती सात फेरे घालायला लावले. आठव्या फेऱ्याला हैबतरावांनी तिला आवरलं, उरलासुरला हिंग स्वतः तिच्या पोटाला चोळला आणि अंगणात फिरवून आणलं.

"हे बघ," ते म्हणाले, "पोटाचं औषध वरून लावायचं. मग दोरी धरून हळूहळू चालवायचं. पळवायचं नाही."

"चुकलं मालक. आता ध्यानात ठेवतो." आणि ठेवलं. ओव्याशेजारी हिंगाचाही एक खडा कनवटीला गेला.

पुढं दोन दिवसांनी हैबतरावांचं पोट पुन्हा जड झालं. सगुणाबाईंनी वाटीभर एरंडेल पिराजीच्या हाती दिलं आणि मालकांना नेऊन द्यायला सांगितलं. मालक ओसरीवर बाजेवर घोरत होते. पिराजीनं त्यांच्या बंडीचे बंद सोडले, वाटी पोटावर ओतली आणि दोन्ही हातांनी खरारा केल्यासारखं चोळलं. हैबतराव दचकून उठले, तेव्हा त्यांच्या कमरेला दोरी बांधून झाली होती. पिराजी पुढून ओढतोय, तोंडानं च्यॅक च्यॅक करतोय आणि मालक एरंडेलानं निथळत अंगणात फिरतायत. पाणवठ्यावरून येणाऱ्या बाया घागरी घेऊन तिथंच थांबल्या. एक फेरी पुरी झाली, दुसऱ्या फेरीला मालक आपल्याच एरंडेलावरून घसरले आणि तुळशीवृंदावनाला टेकले.

या खेपेला हैबतरावांचा आवाज वेशीपर्यंत गेला. एरंडेल प्यायचं असतं, हे त्यांनी सांगितलंच. वर हेही सांगितलं, की इथून पुढं माझ्या पोटाच्या भानगडीत पडायचं नाही. माझ्या पोटाला काहीही होवो, तू आपल्या वाटेनं जायचं आणि आपलं काम करायचं.

"चुकलं मालक. आता ध्यानात ठेवतो."

हैबतरावांनी मग नवं एरंडेल नाक दाबून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी शर्यतीत घोडीचं नाव द्यायला पिराजीला बरोबर घेऊन माळाकडं निघाले. एरंडेल घेतलेल्या माणसानं घर सोडू नये, हे त्यांना अर्ध्या वाटेत उमगलं. ते पोट धरून मटकन खाली बसले आणि पिराजीला हाका मारायला लागले. पिराजीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो आपल्या वाटेनं गेला, नाव देऊन आला, जत्रेचे पाळणे लागत होते ते बघत बसला आणि दिवस कलल्यावर परत निघाला. हैबतराव तिथंच एका बाभळीला पाठ लावून बसले होते. त्यांच्यात ओरडण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "पिराजी, वाटेत बरोबरचा माणूस पोट धरून बसला, तर त्याला टाकून पुढं जायचं नाही. काम कितीही मोठं असू दे. आधी त्याला हात द्यायचा, त्याच्या घरच्या माणसांत नेऊन पोचवायचं. मग आपलं काम. नाथबाबाची शपथ घे."

पिराजीनं गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. आणि ध्यानात ठेवलं.

जत्रेचा दिवस उजाडला. साळुंकीवर पिराजी आणि सरदारवर बसणार होते सुभानरावांचे चिरंजीव गुलाबराव, म्हणजे हैबतरावांचे सख्खे जावई. हैबतरावांनी बरेच दिवस एक बेत मनात शिजवला होता. शर्यत दुपारी, म्हणून सकाळी त्यांनी जावयाला मानानं जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. गुलाबराव सहाव्या पोळीला नको नको म्हणायला लागले. सासऱ्यानं उठून स्वतःच्या हातानं सातवी वाढली, मग आठवी, मग सासूची शपथ घालून नववी. सगुणाबाई दाराआडून डोळे वटारत होत्या. पण जावयाला आग्रह करणाऱ्या सासऱ्याला कोण काय बोलणार?

दुपारी माळ माणसांनी फुलला. सुभानराव रेघेच्या एका अंगाला, हैबतराव दुसऱ्या अंगाला, बायांच्या घोळक्यात हैबतरावांची लेक यमुना, एक डोळा बापाच्या फेट्यावर आणि एक नवऱ्यावर. हैबतरावांनी पिराजीचा हात धरून हळूच विचारलं, की सगळं ध्यानात आहे ना?

"सगळं ध्यानात आहे मालक," पिराजी म्हणाला.

हलगी कडाडली आणि घोडे सुटले. वडापर्यंत दोघं बरोबरीनं गेले. वळशाला साळुंकी आतून काढली पिराजीनं, आणि जी सुटली म्हणता! वीस हात पुढं, तीस हात पुढं. मागं सरदार एकेक टाप टाकत होता आणि त्याच्यावर गुलाबराव नऊ पुरणपोळ्या घेऊन हिंदकळत होते. शेवटी त्यांनी लगाम ओढला, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि घोड्यावरून घसरून खाली बसले.

हैबतरावांचा बेत असा अगदी मनासारखा जमला. साळुंकी एकटी, समोर मोकळा माळ, रेघ दोनशे पावलांवर. हैबतरावांनी आनंदानं डोक्यावरच्या फेट्याला हात लावून तो घट्ट केला. सगुणाबाईंनी हळदीकुंकवाची वाटी काढली.

तेवढ्यात पिराजीनं सहज मागं वळून पाहिलं.

बरोबरचा माणूस पोट धरून बसला होता.

साळुंकी वळली. हैबतराव ओरडले, गाव ओरडलं, पण शपथ ती शपथ. पिराजी खाली उतरला. कनवटीचा ओवा काढला आणि स्वतः एक दाणाही न खाता सगळा जावयाच्या तोंडात घातला, चावून चावून खायला सांगितला. हिंग थुंकीत उगाळून त्यांच्या बेंबीभोवती वरून लावला. हात देऊन त्यांना सरदारवर बसवलं. मग एका हातात सरदारची दोरी, दुसऱ्या हातात साळुंकीची, आणि पायी पायी निघाला. हळूहळू चालवत, अजिबात न पळवता.

रेघेजवळ आल्यावर तो थांबला. दुखणाईत माणूस आधी, म्हणून त्यानं सरदारला पुढं केलं आणि गुलाबरावांना घोड्यासकट त्यांच्या घरच्या माणसांत पोचवलं. पंचांना बोलायलाही जागा नव्हती. स्वारासकट रेघ ओलांडणारा घोडा एकच होता.

हैबतराव काठी उगारून धावले खरे, पण मध्येच यमुना आली. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. "आबा, तुमच्या माणसानं जिंकती शर्यत सोडून माझ्या धन्याला आणलं," ती म्हणाली आणि पाया पडली. सुभानरावही पुढं झाले, असे व्याही मिळायला पुण्याई लागते म्हणाले. आता काठीचं काय करायचं? हैबतराव काठीवरच टेकून उभे राहिले आणि सगळ्यांकडं बघून हसले. मग फेटा उतरवला आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी सरदारच्या गळ्यात बांधला.

गर्दी पांगल्यावर ते पोट धरून साळुंकीच्या सावलीत बसले. पिराजीनं कनवटी चाचपली, पण ओवा जावयाला देऊन संपला होता. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"मालक, या खेपेला काय चुकलं?"

हैबतरावांनी पुष्कळ विचार केला. ओवा ज्याचा त्यालाच दिला होता. हिंग वरूनच लावला होता. हळूहळूच चालवलं होतं. माणूस टाकून दिला नव्हता. त्यांना एकही चूक सापडेना.

"काही चुकलं नाही रे," ते बोडक्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले.

पिराजीचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं सगळं बरोबर आलं होतं.

"मग पुढच्या वर्षीही अस्संच करतो मालक," तो म्हणाला. "ध्यानात ठेवलं."