तराजूवरचा अंगठा

एका राज्यात मेलेल्यांनाही थांबावं लागे, कारण त्यांचा निवाडा वर्षातून एकदाच होई. हिमाच्या डोंगरांआड ते राज्य. विहाराच्या अंगणात कर्णे वाजत, नर्तक मुखवटे घालून नाचत. हरिणाच्या मुखवट्याचा नर्तक मेलेल्यांना ओळीनं आणी आणि रेड्याच्या तोंडाचा यमधर्म तराजू धरी. आपोआप खडे पडत. पांढरा खडा पुण्याचा, काळा पापाचा. हे नुसतं सोंग नव्हतं बरं! निवाडा झाला की मेलेलं माणूस खरोखरच पुढच्या जन्माच्या वाटेला लागे.

यमधर्माचा मुखवटा छेवांग नावाच्या नर्तकाकडे होता. एका वर्षी म्हातारा राजा मेला. त्यानं जन्मभर रयतेचं पाणी अडवलं होतं. खालची गावं तहानेनं ओसाड पडली होती. त्याचा मुलगा गादीवर बसला आणि म्हणाला, "नर्तका, माझ्या पित्याचं पांढरं पारडं जड निघावं."

छेवांग लोभी नव्हता, भित्राही नव्हता. दमला होता, एवढंच. नाचून नाचून पोटऱ्यांत गोळे आले होते. घरी बायकोनं, यांगचेननं, लोण्याचा चहा चुलीवर ठेवला असेल. आता कुठं वाद घालत बसायचं? मेलेल्याला काय फरक पडतो, असं म्हणून त्यानं पांढऱ्या पारड्यावर हळूच अंगठा टेकवला.

झालं! मुखवटा चेहऱ्याला चिकटला आणि तराजू जागच्या जागी थिजला. त्या दिवसापासून कुणी पुढं जाईना. म्हातारा राजा तिथंच उभा, त्याच्यामागं एक कुंभार, त्याच्यामागं एक बाळंतीण, अशी मेलेल्यांची ओळ वेशीपर्यंत गेली. जाणारे अडकले म्हणून येणारेही येईनात. घरोघरचे पाळणे रिकामे राहिले.

छेवांगला झोप नाही, कारण मुखवट्याला पापण्याच नव्हत्या. यांगचेन त्या लाकडी जबड्यातून त्याला पेज भरवी. "रेड्याशी संसार करतेय मी," असं म्हणून हसे. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात ती खोकल्यानं गेली आणि मुकाट्यानं ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तेव्हा कुठं छेवांग मान वर करून म्हणाला, "यावर काही उपाय?"

ध्वजाच्या काठीवर तांबड्या चोचीचा कावळा बसला होता. तो म्हणाला, "आहे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तीन कामं आहेत. नागसरोवरात अंगठा धू. राजाचा निवाडा पुन्हा कर. मग शेवटच्या माणसापर्यंत तोल. पुन्हा अंगठा टेकवून निवाडा दिलास, तर मुखवटा कायमचा."

धापा टाकत छेवांग सरोवरावर गेला. नागानं फणा काढून विचारलं, "काय धुतोस?"

"आळस, महाराज."

"तो पाण्यानं जात नसतो," असं म्हणून नागानं अंगठ्याला डंख मारला. "आता जिथं टेकवशील, तिथं ठणकेल."

छेवांगनं अंगणात तराजू उचलला. गादीवरचा राजा धावत आला. "थांब! माझ्या पित्याची अब्रू जाईल."

"महाराज, ते फार थांबलेत," छेवांग म्हणाला.

काळं पारडं धाडकन भुईला टेकलं. मेलेला राजा म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचा!" आणि खालच्या खडतर वाटेनं आपल्या पायांनी चालू लागला. तशी खालच्या गावांतल्या ओढ्यांना पाणी आलं.

मग कुंभार, मग बाळंतीण. तोलून तोलून छेवांगचे खांदे निखळायची वेळ आली. शेवटी यांगचेन समोर आली. खडे पडले आणि काळं पारडं तीळभर खाली गेलं. त्यात एक मोठा खडा होता. त्या दिवशी ती घरी नव्हतीच; अंगणातल्या गर्दीतून तिनं नवऱ्याचा अंगठा पाहिला होता, आणि ती गप्प बसली होती.

छेवांगचा अंगठा पांढऱ्या पारड्याकडे गेला. एवढा टेकवून निवाडा दिला की तराजू पुन्हा थिजेल. मग ती कुठंही जाणार नाही, इथंच समोर राहील. अंगठा टेकला आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली, तरी त्याला तो उचलवेना.

"अहो," यांगचेन म्हणाली, "अंगठा काढा."

"तू जाशील."

"जाईन. उभी राहून दमले मी. तुम्ही नाही दमलात?"

"फार दमलोय गं."

"मग काढा की!"

त्यानं अंगठा काढला. तेवढ्यात एक पांढरा खडा पडला, कारण मागं बोलायचं राहिलेलं ती आता बोलली होती. पारडं डुललं, डुललं आणि पांढऱ्या बाजूला झुकलं.

मुखवटा गळून खाली पडला. यांगचेननं त्याच्याकडे नीट पाहिलं. "अगंबाई, किती म्हातारे झालात हो!" असं म्हणून ती हसली आणि आपल्या वाटेला लागली.

त्याच दुपारी खालच्या गावात एक पाळणा हलला. अंगठा बांधल्यावाचून तराजू उचलायचा नाही, अशी रीत तेव्हापासून पडली. छेवांग घरी गेला. थंड चूल त्यानं स्वतःच पेटवली, दोघांचा चहा ठेवला आणि त्याला उकळी फुटायच्या आत भिंतीला टेकून झोपी गेला. तो निजला, तशी ही कहाणीही इथंच निजली.