गवतातलं पाडस

सातपुड्यातल्या एका तलावाकाठी पर्यटकांचे तंबू नुकतेच उभे राहू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या उंच गवतात भेकराच्या एका मादीला पाडस झालं होतं. चरायला जाताना ती त्याला रोज बजावायची, "कोणीही आलं तरी हलायचं नाही. निपचित पडलेलं पाडस बिबट्यालासुद्धा दिसत नाही."

एका सकाळी ती परतली, तर पाडसाभोवती माणसं उभी होती. ती झुडपाआड थिजली.

"बिचारं एकटंच आहे. आई मेली असेल याची," एक बाई म्हणाली आणि तिने पाडसाला उचलून छातीशी धरलं. "तंबूत नेऊन दूध पाजू."

पाडस आईचं सांगणं पाळत होतं. ते हललं नाही, ओरडलंही नाही.

माणसांसमोर उघड्यावर जाणं म्हणजे मरण, हे आईला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाई तंबूकडे चालू लागली, तशी ती झुडपातून बाहेर आली आणि वाटेत उभी राहून, भेकरं भुंकतात तशी जोरात भुंकली.

बाई थबकली. "अगंबाई, आई आहे की याची," ती पुटपुटली. तिने पाडसाला हळूच खाली ठेवलं आणि सगळे मागे सरले.

दाट रानात पोचल्यावर आई पाडसाला चाटू लागली. पाडसाने विचारलं, "ती माणसं वाईट होती का?"

"नाही रे," आई म्हणाली. "किती जपून धरलं होतं तुला. बिबट्यापासून कसं लपायचं, ते मला येतं. यांच्यापासून कसं लपायचं, तेच मला कळत नाही."